हिमालयाच्या पांढरेपणाचा हिशेब

१८७६ मध्ये दख्खनवरचा पाऊस फसला. पुढच्या वर्षी दुष्काळाने उत्तरेकडेही हातपाय पसरले. दोन वर्षांत पन्नास लाखांहून अधिक माणसे भुकेने आणि रोगराईने गेली. त्या मरणकळेतून सरकारपुढे एक प्रश्न उभा राहिला: पाऊस दगा देणार हे आधी कळू शकेल का? हा प्रश्न ज्याच्या टेबलावर आला, त्याने उत्तर शोधण्यासाठी हिमालयाच्या बर्फाकडे पाहिले.

हेन्री ब्लॅनफर्ड हा मूळचा भूगर्भशास्त्रज्ञ. १८५६ मध्ये त्याने भाऊ विल्यम आणि इतर सहकाऱ्यांबरोबर ओडिशातल्या तालचेर भागात गोट्यांचा एक विचित्र थर पाहिला होता. आज उन्हाने भाजून निघणाऱ्या त्या भूमीवर कोट्यवधी वर्षांपूर्वी बर्फ वावरला असावा, असे अनुमान या मंडळींनी काढले आणि पुढे ते खरे ठरले. १८७५ मध्ये हिंदुस्थानचे हवामान खाते स्थापन झाले आणि ब्लॅनफर्ड त्याचा पहिला प्रमुख झाला. पुढच्याच वर्षी दुष्काळ पडला.

त्याने जमतील तेवढ्या नोंदी जमवल्या. ज्या वर्षी वायव्य हिमालयात वसंतात उशिरापर्यंत भरपूर बर्फ पडतो, त्या वर्षी मैदानात कोरडे वारे वाहतात आणि पाऊस कमी पडतो, असा संबंध त्याला दिसला. १८८२ पासून त्याने या आधारावर प्रायोगिक अंदाज दिले. १८८४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे हिमालयातला बर्फ आणि हिंदुस्थानातला दुष्काळ यांच्या नात्यावर निबंध मांडला. ४ जून १८८६ रोजी पावसाचा पहिला अधिकृत दीर्घ मुदतीचा अंदाज निघाला.

कोल्हापूर शहराला पूर्वेकडून लागून असलेल्या उचगावच्या वाचकाला वाटेल, आपला हिमालयाशी काय संबंध? आपली पंचगंगा कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांच्या पाण्याने वाहते. तिच्यात बर्फाचा थेंब नाही. हे अगदी खरे आहे. पण या नद्यांना भरणारा मोसमी वारा ज्या तापलेल्या भूखंडाकडे धाव घेतो, त्याच्या माथ्यावर हिमालय आणि तिबेट आहेत. तिथली जमीन किती तापणार, हे तिथे किती बर्फ आहे आणि तो किती ऊन परत फेकतो यावर काही अंशी ठरते. दख्खनच्या दुष्काळाने हिमालयाच्या बर्फाचे मोजमाप सुरू करायला लावले, ते याच नात्यापोटी. त्या मोजमापाचा हा इतिहास आहे, म्हणून तो आपलाही आहे.

सिमला ऑफिसची शिदोरी

ब्लॅनफर्डकडे बर्फ मोजण्याचे साधन नव्हते. डोंगरी ठाण्यांवरचे अधिकारी कळवत, तेवढीच माहिती. अमुक खिंड कधी बंद झाली, तमुक उतारावर बर्फ किती दिवस टिकला, यंदा नेहमीपेक्षा जास्त की कमी, असे तिचे स्वरूप. १९०४ मध्ये खात्याची सूत्रे हाती घेणारा गिल्बर्ट वॉकर केंब्रिजचा गणिती होता. त्याने १९०९ मध्ये पावसाच्या अंदाजाचे जे समीकरण बसवले, त्यात मॉरिशस आणि दक्षिण अमेरिकेतला हवेचा दाब, झांजिबारचा पाऊस यांच्या जोडीला हिमालयातला बर्फ होताच. पत्रांतून आलेला बर्फ आता गणितात बसला, पण तो अजून ऐकीव होता.

१९२८ मध्ये खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आले. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर आजही सिमला ऑफिस म्हणतात. अंदाज देण्याची परंपरा पुण्यात रुजली. बर्फाची शिदोरी मात्र तुटपुंजीच राहिली, कारण लक्षावधी चौरस किलोमीटरच्या डोंगराळ मुलखातला बर्फ कुणी पायी हिंडून मोजू शकत नव्हते.

ही कोंडी अवकाशातून फुटली. १ एप्रिल १९६० रोजी अमेरिकेचा टायरोस-१ हा पहिला हवामान उपग्रह उडाला. १९६६ पासून उपग्रहांच्या चित्रांवरून उत्तर गोलार्धातल्या बर्फाचे आठवड्याचे नकाशे बनू लागले. हान आणि जगदीश शुक्ला यांनी १९७६ मध्ये अशा नकाशांवरून युरेशियातला हिवाळी बर्फ आणि भारतातला पाऊस यांची सांगड घातली. बर्फ जास्त त्या वर्षी पाऊस कमी, असा ब्लॅनफर्डच्या निरीक्षणाशी जुळणारा कल त्यांना दिसला.

पुण्यात जन्मलेले डॉ. वसंत गोवारीकर यांच्या पुढाकाराने १९८८ मध्ये मोसमी पावसाच्या अंदाजाचे सोळा घटकांचे प्रारूप वापरात आले. त्या सोळांत हिमालयातल्या बर्फाचे आच्छादन होते आणि युरेशियातलेही. शंभर वर्षांपूर्वीचा धागा गोवारीकरांनी पुन्हा हाती घेतला होता. हे प्रारूप चौदा वर्षे चालले. २००२ मध्ये १०१ टक्के पावसाचा अंदाज असताना प्रत्यक्षात ८१ टक्के पाऊस झाला आणि खात्याने नव्या प्रारूपांकडे वळायचे ठरवले.

त्याआधीच, १९९९ मध्ये, शुक्ला यांनीच बामझाई यांच्यासह उपग्रहांच्या अधिक लांब नोंदी तपासल्या होत्या. पश्चिम युरेशियातल्या बर्फाचा आपल्या पावसाशी ठळक संबंध त्यांना दिसला, हिमालयातल्या बर्फाचा मात्र दिसला नाही. ब्लॅनफर्डचे नाते त्याला वाटले होते तितके सरळ नव्हते. पण त्याच्या शोधाने लागलेली सवय मोलाची ठरली: दर वर्षी हिमालयाकडे पाहायचे, दिसेल ते नोंदवायचे आणि मागच्या वर्षांशी ताडून पाहायचे.

आच्छादनाच्या पुढचा प्रश्न

या साऱ्या काळात विचारला गेलेला प्रश्न एकच होता: बर्फ किती आहे? पण उन्हाच्या लेखी सगळा बर्फ सारखा नसतो. नुकताच पडलेला भुसभुशीत बर्फ अंगावर पडलेल्या उन्हाचा ८० ते ९० टक्के भाग परत पाठवतो. महिन्याभराचा, वितळून पुन्हा गोठलेला, दाणेदार बर्फ ५० ते ६० टक्के. हिमनदीचा उघडा पडलेला निळसर, घट्ट बर्फ ३० ते ४० टक्के आणि धूळमातीने माखलेला घट्ट बर्फ १५ ते २० टक्क्यांपर्यंत उतरतो. या प्रमाणाला अल्बेडो म्हणतात. योहान लाम्बर्टने १७६० मध्ये आपल्या प्रकाशमापनाच्या ग्रंथात या कल्पनेला गणिताचा आधार दिला.

हिमनदीच्या दृष्टीने हे आकडे जीवनमरणाचे आहेत. ८५ टक्के ऊन परतवणारा ताजा बर्फ १५ टक्के ऊन पोटात घेतो. ३५ टक्के परतवणारा उघडा घट्ट बर्फ ६५ टक्के घेतो, म्हणजे चौपटीहून जास्त. वरचे पांढरे पांघरूण आठवडाभर आधी सरकले, तर तो आठवडाभर हिमनदी चौपट उष्णता पिते. वितळल्याने ती आणखी काळवंडते आणि काळवंडल्याने आणखी वितळते. हवेचे तापमान जेमतेम वाढलेले असतानाही हे चक्र सुरू होऊ शकते.

१९८० मध्ये स्टीफन वॉरन आणि वॉरन विस्कोम्ब या अमेरिकी शास्त्रज्ञांनी त्यामागचे भौतिकशास्त्र उलगडले. बर्फ जुना होतो तसे त्याचे कण मोठे होतात आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात तो गडद होतो. काजळी किंवा धूळ मिसळली तर तो दृश्य प्रकाशात गडद होतो. म्हणजे बर्फ कोणत्या रंगात किती चमकतो हे मोजले, तर तो म्हातारा झाला की मळला, हे वेगळे सांगता येते. उपग्रहाच्या कॅमेऱ्यांना याहून चांगली वाट मिळाली नसती, कारण ते प्रकाश रंगारंगांत फोडूनच टिपतात.

डोळे दिपवणारा बर्फ

सुरुवातीला उपग्रहांचे डोळे बर्फापुढे दिपले. शेती, जंगल आणि माती पाहण्यासाठी बनवलेले संवेदक बर्फावरचा झळाळ सोसू शकत नसत. हिमक्षेत्राच्या चित्रात काही रंगांत मोठमोठे भाग सारखेच पांढरे उमटत आणि तिथले सगळे तपशील हरवत. त्यावर वातावरणाचा पडदा आणि डोंगराची सावली. दक्षिणेकडे तोंड असलेला उतार उन्हात उजळतो, उत्तरेकडचा काळा दिसतो, आणि दोन्हींवर एकाच दिवशी पडलेला बर्फ असतो. उताराचा कोन, सूर्याची उंची आणि हवेतला धूसरपणा यांचा हिशेब केल्याशिवाय पिक्सेलच्या आकड्याला काही अर्थ नव्हता.

१९८४ मध्ये उडालेल्या लँडसॅट-५ च्या चित्रांवर युरोपात हा हिशेब बसवला गेला. १९९३ मध्ये ऑस्ट्रियातल्या हिन्टरआइसफर्नर हिमनदीची परावर्तनक्षमता उपग्रहावरून काढली गेली. १९९९ मध्ये नाप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वित्झर्लंडमधल्या मोर्टेराच हिमनदीवर मोजमापे घेऊन दाखवले, की हिरवा आणि निकट-अवरक्त असे दोनच रंग हाती असले तरी पूर्ण अल्बेडोचा चांगला अंदाज बांधता येतो. हे सूत्र जगभर वापरले गेले.

भारतात हे काम अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्रात उभे राहत होते. प्रमोद काळे केंद्राचे संचालक असण्याच्या काळात, १७ मार्च १९८८ रोजी, आयआरएस-१ए हा भारताचा नियमित वापराचा पहिला दूरसंवेदन उपग्रह बैकानूरहून उडाला. याच केंद्रातले डॉ. अनिल कुलकर्णी उपग्रहचित्रांवरून हिमनद्यांचा अभ्यास करत होते. १९९२ मध्ये त्यांनी एक साधी आणि खोल गोष्ट मांडली. उन्हाळ्याच्या शेवटी हिमनदीवर एक रेघ स्पष्ट दिसते. वर टिकून राहिलेला पांढरा बर्फ, खाली उघडा पडलेला घट्ट बर्फ. एकूण क्षेत्रापैकी वरचा पांढरा भाग किती, यावरून त्या वर्षी हिमनदीने कमावले की गमावले हे सांगता येते. किन्नौरमधल्या हिमनद्यांच्या प्रत्यक्ष मोजमापांशी ताडून त्यांनी हा तोल ०.४४ च्या आसपास बसवला. पांढऱ्या भागाचा वाटा त्याखाली गेला, की हिमनदी तोट्यात.

या पद्धतीचा सारा भार दोन पांढरेपणांतल्या फरकावर होता. अल्बेडोचा आकडा त्यात काढलेला नव्हता, पण हिमनदीची तब्येत तिच्या पृष्ठभागाच्या उजेडात वाचता येते, हा विश्वास त्यातून भारतीय अभ्यासात आला.

१७ ऑक्टोबर २००३ रोजी श्रीहरिकोट्याहून रिसोर्ससॅट-१ उडाला. त्याच्यावरचा एविफ्स हा संवेदक ७४० किलोमीटर रुंदीचा पट्टा एका दमात पाहत होता आणि पाच दिवसांनी पुन्हा त्याच जागेवर येत होता. प्रकाशाची तीव्रता तो १०२४ पायऱ्यांत नोंदवत होता, त्यामुळे झळाळत्या बर्फातही बारीक फरक हाती लागू लागले. ढग आणि बर्फ दोन्ही पांढरे, मग ओळखायचे कसे? लघु-अवरक्त प्रकाशात ढग उजळ राहतात आणि बर्फ काळवंडतो, या गुणाचा उपयोग करून कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये हिमालयाच्या बर्फावर लक्ष ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध केली.

मागे सरली की नाही

दरम्यान हिमनद्यांची चर्चा वेगळ्याच वळणावर गेली. कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये चिनाब, पार्वती आणि बास्पा खोऱ्यांतल्या ४६६ हिमनद्यांचे क्षेत्र १९६२ च्या नकाशांशी ताडले. ते २०७७ चौरस किलोमीटरवरून १६२८ वर आले होते, म्हणजे २१ टक्के घट. त्याच वर्षी आंतरसरकारी हवामान बदल मंडळाच्या अहवालात हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होऊ शकतील, असे विधान आले. नोव्हेंबर २००९ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने प्रसिद्ध केलेल्या व्ही. के. रैना यांच्या अहवालाने इतक्या झपाट्याचा पुरावा नाही असे सांगितले. जानेवारी २०१० मध्ये मंडळाने त्या विधानाबद्दल खेद व्यक्त केला. २०१४ मध्ये बहुगुणा आणि सहकाऱ्यांनी २०१८ हिमनद्या तपासल्या, तेव्हा २००१ ते २०११ या दशकभरात १७५२ जागच्या जागी, २४८ मागे सरलेल्या आणि १८ पुढे आलेल्या आढळल्या.

सामान्य वाचक गोंधळून गेला. पण एक गोष्ट या वादात बाजूला पडली, ती मला फार महत्त्वाची वाटते. हिमनदीचे टोक आणि तिचे क्षेत्र हे फार उशिरा बोलणारे साक्षीदार आहेत. हिमनदी वरून पातळ होत असते, आतून क्षीण होत असते, तरी तिचे टोक वर्षानुवर्षे हलत नाही. मोठ्या हिमनदीला हवामानाचा बदल टोकापर्यंत पोचवायला दशके लागतात. पृष्ठभागाचा पांढरेपणा मात्र त्याच उन्हाळ्यात बोलतो. ‘कुठवर आहे’ हा प्रश्न सोडून ‘किती पांढरी आहे’ हा प्रश्न विचारला असता, तर त्या वादाला वर्षावर्षाचे उत्तर मिळाले असते.

बर्फात उभी राहिलेली माणसे

तो प्रश्न विचारणारे होते, आणि ते चित्रांबरोबर प्रत्यक्ष बर्फही वाचत होते. मनालीच्या परिसरात हिम आणि हिमस्खलन अभ्यास संस्थेचे संशोधक अहमदाबादच्या गटाबरोबर वर्णपटमापक घेऊन बर्फात उभे राहिले. एच. एस. नेगी, कुलकर्णी आणि सेमवाल यांनी बर्फात माती आणि कोळसा मिसळल्यावर परावर्तन कोणत्या रंगात कसे घसरते, हे प्रत्यक्ष मोजले. २०११ मध्ये नेगी आणि कोखानोव्स्की यांनी हिमालयातल्या बर्फाचा अल्बेडो आणि कणांचा आकार परावर्तनावरून काढण्याची पद्धत तपासून प्रसिद्ध केली. उपग्रहाच्या आकड्यांवर भरवसा ठेवता येतो तो अशा जमिनीवरच्या पडताळणीमुळे.

लाहौल-स्पिती हा मुलूख या कामाचे केंद्र झाला. गगनबावड्याला झोडपणारा पाऊस शिरोळपर्यंत येता येता जसा विरतो, तसे पीर पंजालच्या रांगा ओलांडताना मोसमी ढग रिकामे होतात. त्यामुळे पावसाळ्यातही इथे उपग्रहाला आकाश मोकळे मिळण्याची शक्यता जास्त. चंद्रा नदीच्या खोऱ्यातल्या छोटा शिग्री हिमनदीवर २००२ पासून जवाहरलाल नेहरू विद्यापीठ आणि फ्रेंच संशोधक दर वर्षी कमाई-तोट्याचा ताळेबंद मांडत आले आहेत. २०१५ मध्ये ब्रुन आणि सहकाऱ्यांनी या ताळेबंदाशेजारी उपग्रहावरच्या मोडिस संवेदकाचे आकडे ठेवले. मोडिसचा एक पिक्सेल शेकडो मीटरचा. पंधरा-सोळा चौरस किलोमीटरच्या हिमनदीवर असे मोजकेच पिक्सेल बसतात. एवढ्या भरड नजरेनेही उत्तर स्पष्ट आले: ज्या उन्हाळ्यात हिमनदीचा सरासरी अल्बेडो सर्वांत खाली उतरला, त्या वर्षी तिचा तोटा मोठा. पायी चढून, खांब रोवून मोजलेला हिशेब आणि सातशे किलोमीटर उंचीवरून मोजलेला पांढरेपणा, दोन्ही एकच गोष्ट सांगत होते.

याच खोऱ्यात गोव्याहूनही माणसे येतात. वास्कोच्या हेडलँड सडा इथली राष्ट्रीय ध्रुवीय आणि सागरी संशोधन संस्था अंटार्क्टिकाच्या मोहिमांसाठी ओळखली जाते. ऑक्टोबर २०१६ मध्ये तिने स्पितीत साडेतेरा हजार फुटांहून उंच जागी ‘हिमांश’ हे संशोधन केंद्र सुरू केले. सुत्री ढाका, बातल, बडा शिग्री, समुद्र टापू, गेपांग गथ आणि कुंझम या हिमनद्यांवर तिचे लक्ष असते. समुद्रसपाटीवर राहणारे संशोधक उन्हाळा आला, की विरळ हवेत खांब रोवायला आणि हवामान यंत्रे दुरुस्त करायला जातात. सुत्री ढाकावरच्या त्यांच्या ऊर्जा-ताळेबंदाने दाखवून दिले, की वितळण्यामागे सर्वांत मोठा वाटा किरणोत्सर्गाचा आहे. म्हणजे हिमनदी किती ऊन परत फेकते, हाच कळीचा मुद्दा.

तिला मळवते कोण, हेही आता कळू लागले आहे. २०२० मध्ये चंदन सारंगी आणि सहकाऱ्यांनी उपग्रहांच्या नोंदींवरून दाखवले, की साडेचार हजार मीटरच्या वरच्या बर्फाला काळवंडण्यात काजळीपेक्षाही वाळवंटी धुळीचा वाटा मोठा आहे. काजळी चुलीतली, वीटभट्टीतली आणि डिझेलची, ती माणूस कमी करू शकतो. धूळ आवरायची तर वाळवंट आणि त्याच्या कडेची उजाड जमीन यांचाही विचार करावा लागेल.

हिशेब तुटू नये म्हणून

ब्लॅनफर्डने पत्रे जमवली तेव्हा त्याच्याकडे मोजक्या वर्षांच्या नोंदी होत्या आणि त्यातून त्याने मोठे अनुमान काढले. नोंद लांबली तेव्हा ते अनुमान दुरुस्त झाले. या जवळपास दीडशे वर्षांच्या कहाणीचे सार मला त्यातच दिसते: बर्फाबद्दल आपण जे खात्रीने जाणतो, ते न तुटलेल्या नोंदीमुळे जाणतो.

मोडिस घेऊन फिरणारा टेरा उपग्रह डिसेंबर १९९९ मध्ये उडाला. हिमालयाच्या अल्बेडोची पाव शतकाची अखंड नोंद त्याने दिली. त्याचे इंधन संपत आले म्हणून ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याची कक्षा खाली आणावी लागली. त्याची जागा घेणारे नवे संवेदक जुन्याबरोबर काही वर्षे एकाच हिमनदीकडे पाहतात, तेव्हाच दोन्हींचे आकडे एकमेकांना जोडता येतात. त्या जोडणीची साक्ष देणारी यंत्रे जमिनीवरच असतात. छोटा शिग्री, सुत्री ढाका, हिमांश इथली मोजमापे थांबली, तर उपग्रहाचे चित्र मिळत राहील, पण ते खरे किती हे सांगणारे कुणी उरणार नाही. निधी कापताना सर्वांत आधी डोंगरातल्या अशा लहान केंद्रांवर नजर जाते. ती जाऊ देता कामा नये.

आणि या कामात उतरायला हिमालयाजवळ जन्मावे लागत नाही. लँडसॅटची सारी जुनी-नवी चित्रे २००८ पासून विनामूल्य खुली होऊ लागली. मोडिसचे आकडेही कुणालाही मिळतात. शिवाजी विद्यापीठात भूगोल किंवा भौतिकशास्त्र शिकणारा उचगावचा मुलगा किंवा मुलगी घरच्या संगणकावर छोटा शिग्रीची पंचवीस उन्हाळ्यांची चित्रे उतरवू शकते, सावली आणि धूसरपणा वजा करू शकते आणि दर वर्षीचा सर्वांत खालचा अल्बेडो काढून तो प्रसिद्ध झालेल्या ताळेबंदाशी ताडून पाहू शकते. पूर्वी ज्या माहितीसाठी साम्राज्याला ठाण्याठाण्यांवरून पत्रे मागवावी लागत, ती आज आपल्या हाताशी आहे. दख्खनच्या दुष्काळाने विचारलेल्या प्रश्नाचा पुढचा हिशेब दख्खनच्या मुलांनी मांडावा, अशी माझी इच्छा आहे आणि तशी तयारी आपल्या महाविद्यालयांनी आताच सुरू करावी.